वाचकांचे प्रश्न : रोहित्र किती केव्हीएचे घ्यावे?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे विजेविषयी जी पत्रे आली, त्यांतील बऱ्याच पत्रांचा रोख रोहित्राच्या, म्हणजे विजेचा दाब बदलणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या, क्षमतेकडे होता. ही क्षमता केव्हीएमध्ये, म्हणजे हजार व्होल्ट-अँपिअरच्या मापात सांगतात. उन्हाळा तोंडावर आलेला असल्यामुळे त्यांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या उत्तरांचा हिशेब त्यावरच उभा आहे.

प्रश्न : कळमेश्वरजवळ आमची नवी तूरडाळ मिल उभी राहत आहे. यंत्रांची यादी अशी आहे : साल काढणारे २५ एचपीचे दोन एमरी रोलर, ड्रायरच्या ब्लोअरची ४० एचपीची मोटर, सॉर्टेक्स (रंगावरून डाळ निवडणाऱ्या) मशीनसाठी ३० एचपीचा कॉम्प्रेसर, २ एचपीचे बारा एलिव्हेटर, चाळण्या व ग्रेडर मिळून १६ एचपी, आणि दिवे, कार्यालय वगैरे किरकोळ भार सुमारे १० केव्हीए. आम्ही ११ केव्हीची उच्चदाब जोडणी घेत असून रोहित्र आमचे स्वतःचे राहील. एक ठेकेदार १६० केव्हीए पुरे म्हणतो, तर दुसरा पुढची सोय म्हणून ३१५ केव्हीए घ्यायला सांगतो. दोन वर्षांनी ४० एचपीची भर पडणार आहे. कोणाचे ऐकावे?
— एक डाळ मिल चालक, नागपूर

उत्तर : आपल्यासाठी २०० केव्हीएचे रोहित्र योग्य ठरेल, असे माझे मत आहे. मात्र हा आकडा कसा आला ते आपण स्वतः ताडून पाहावे, कारण यादीतील एखादी मोठी मोटर बदलली तरी उत्तर बदलू शकते.

रोहित्राची क्षमता किलोवॉटमध्ये न देता केव्हीएमध्ये देतात, याचे कारण साधे आहे. रोहित्राच्या वेटोळ्यांतून जाणारा प्रवाह पुढे उपयोगी काम करतो की नुसताच ये-जा करतो, याच्याशी रोहित्राला कर्तव्य नसते. प्रवाह वाढला की वेटोळे तापते आणि ते किती तापू द्यायचे यावरच त्याची क्षमता ठरते. मोटरच्या नेमप्लेटवरील १ एचपी म्हणजे ०.७४६ किलोवॉट, परंतु तो मोटरच्या दांड्यावर मिळणारा जोर होय. कार्यक्षमता ८८ टक्के आणि पॉवर फॅक्टर (उचललेल्या केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) ०.८५ धरला, तर तेवढ्या जोरासाठी रोहित्राकडून जवळजवळ बरोबर १ केव्हीए उचलला जातो. आपल्याकडचे जुने वायरमन ‘जितके एचपी तितके केव्हीए’ म्हणतात, ते म्हणूनच पहिल्या अंदाजाला चांगले टिकते. आपल्या यादीतील मोटरींची बेरीज १६० एचपी होते. त्यात किरकोळ भाराचे १० केव्हीए मिळवले की १७० केव्हीए होतात.

बहुतेकांची चूक येथेच होते, कारण ही बेरीज म्हणजे प्रत्यक्ष भार नव्हे. काही वर्षांपूर्वी याच भागातील एका तेलगिरणीत मी दिवसभर टोंग टेस्टर (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजायचे उपकरण) घेऊन मुख्य पॅनेलसमोर उभा होतो. नेमप्लेटची बेरीज २१० एचपी होती आणि मालकांना २५० केव्हीएचे रोहित्र कमी पडेल की काय, अशी धास्ती वाटत होती. दर पंधरा मिनिटांनी तिन्ही फेजचे आकडे वहीत उतरवत गेलो. सकाळी यंत्रे सुरू होतानाची क्षणिक उसळी सोडली, तर संध्याकाळपर्यंत कोणत्याही फेजचा प्रवाह १३८ अँपिअरच्या वर गेला नाही. ४१५ व्होल्टवर १३८ अँपिअर म्हणजे सुमारे ९९ केव्हीए, अर्थात नेमप्लेटच्या निम्म्याहूनही कमी. मोटरी नेहमी गरजेपेक्षा एक पायरी मोठ्या बसवलेल्या असतात, सगळी यंत्रे एकाच वेळी पूर्ण भाराने चालत नाहीत, आणि काही यंत्रे दिवसातून दोनच तास लागतात. जिथे मिल आधीपासून चालू आहे, तिथे असे एका कामाच्या दिवसाचे मोजमाप मिळवल्याशिवाय रोहित्राची ऑर्डर देऊ नये, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

आपली मिल नवी असल्यामुळे मोजायला काही नाही, म्हणून अंदाज धरावा लागेल. डाळ मिलमध्ये माल एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात सलग जातो, त्यामुळे तेलगिरणीपेक्षा जास्त यंत्रे एका वेळी चालतात. मी ७० टक्के धरतो. त्यापेक्षा खाली जाऊ नये, कारण रिकामी फिरणारी मोटरसुद्धा तिच्या पूर्ण प्रवाहाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा किंवा त्याहून अधिक प्रवाह ओढतच असते. १७० चे ७० टक्के म्हणजे ११९ केव्हीए. दोन वर्षांनंतरच्या ४० एचपीचे २८ केव्हीए त्यात धरले की १४७ होतात. रोहित्र नेहमीच्या कामात त्याच्या क्षमतेच्या पाऊण हिश्श्याच्या आसपास चालावे, हा माझा शिरस्ता आहे. त्या मापाने आजच्या भाराला १५९, म्हणजे १६० केव्हीएचे प्रमाणित रोहित्र नेमके बसते आणि वाढीव भाराला १९६, म्हणजे २०० केव्हीएचे. पहिला ठेकेदार आजपुरता बरोबर आहे, पण दोन वर्षांत रोहित्र बदलण्याचा खर्च आणि तेवढे दिवस बंद राहणारी मिल त्याने हिशेबात घेतलेली नाही.

आता सर्वांत मोठी मोटर सुरू होतानाचा प्रश्न पाहू. मोटर थेट सुरू केली, तर ती पहिल्या काही सेकंदांत पूर्ण भाराच्या सहापट प्रवाह घेते. तेवढ्या वेळात रोहित्र जळत नाही, परंतु व्होल्टेज खाली बसते, दिवे मिणमिणतात, इतर यंत्रांचे काँटॅक्टर (चुंबकावर चालणारे स्विच) सुटतात आणि सॉर्टेक्ससारखे नाजूक मशीन मध्येच थांबते. किती व्होल्टेज बसेल, हे रोहित्राच्या नेमप्लेटवरील टक्केवारी इम्पिडन्सवरून, म्हणजे रोहित्राच्या अंतर्गत अडथळ्यावरून, काढता येते. आपल्या मापाच्या रोहित्रांत ते साधारण साडेचार टक्के असते. ४० एचपीची मोटर थेट सुरू केल्यास २४० केव्हीएचा धक्का बसतो. २४० ला २०० ने भागून साडेचारने गुणले की ५.४ टक्के घट येते. १६० केव्हीएवर ती पावणेसात टक्के होते. मोटर आधी कमी व्होल्टेजवर सुरू करणारा स्टार-डेल्टा स्टार्टर लावला की धक्का एक तृतीयांश होतो आणि २०० केव्हीएवर घट दोन टक्क्यांच्याही आत येते. ४० आणि ३० एचपीच्या मोटरींना स्टार-डेल्टा लावावाच, आणि सॉर्टेक्सची वायर मोठ्या मोटरींच्या पॅनेलमधून न नेता मुख्य पॅनेलपासून वेगळी घ्यावी.

मग ३१५ का नको? मोठे रोहित्र रिकामेच वीज खाते, असे सर्रास सांगितले जाते, पण नव्या, कमी हानीच्या रोहित्रांत २०० आणि ३१५ यांच्या गाभ्यातील हानीचा फरक फार मोठा नसतो. उलट तोच भार मोठ्या रोहित्रावर टाकला, तर वेटोळ्यांतील हानी कमी होते. तेव्हा खरे कारण वेगळे आहे. ३१५ केव्हीएच्या रोहित्रात अधिक पैसा अडकतो, आणि त्याच्या कमी दाबाच्या बाजूला शॉर्टसर्किट झाले तर प्रवाह सुमारे ९,३०० अँपिअरपर्यंत चढू शकतो. २०० केव्हीएवर तोच ५,९०० च्या आसपास राहतो. म्हणजे मुख्य ब्रेकर, बसबार, केबल हे सगळेच वरच्या दर्जाचे घ्यावे लागते. ज्या ठेकेदाराने ३१५ सुचवले, त्याने ब्रेकरची शॉर्टसर्किट क्षमता किती धरली आहे, हे त्याला अवश्य विचारावे. उत्तर चटकन आले नाही, तर त्याने हिशेब केलेला नाही असे समजण्यास हरकत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या पत्रात नाही, पण तिच्यात पैसे जातात. रोहित्राची क्षमता आणि महावितरणकडे नोंदवायची करारित मागणी (जास्तीत जास्त किती केव्हीए उचलणार, तो आकडा) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मागणी आकार करारित मागणीच्या ठरावीक टक्क्यांखाली उतरत नाही, त्यामुळे रोहित्र २०० केव्हीएचे आहे म्हणून मागणीही २०० केव्हीए लिहून देणारा कारखानदार न वापरलेल्या मागणीचे पैसे दर महिन्याला भरत राहतो. नुसताच ये-जा करणारा प्रवाह जागच्या जागी पुरवणारे कपॅसिटर पॅनेल लावून पॉवर फॅक्टर ०.८५ वरून ०.९८ वर आणला, की आपले ११९ केव्हीए १०३ वर उतरतात. तेव्हा मागणी ११० च्या जवळपास नोंदवावी आणि भार वाढेल तेव्हा वाढवून घ्यावी. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांची आकारणी एप्रिल २०२० पासून केव्हीएएच (केव्हीए गुणिले तास) युनिटवर होत असल्यामुळे कपॅसिटरचा खर्च बिलातूनही वसूल होतो.

कोटेशन मागवताना आयएस ११८० या मानकाप्रमाणे रोहित्र मागावे आणि ५० टक्के व १०० टक्के भारावरील एकूण हानीचे आकडे लेखी घ्यावेत. दोन कोटेशनांतील किमतीचा फरक या दोन आकड्यांशेजारी ठेवला म्हणजे स्वस्त कोणते, ते कळते.

प्रश्न : आमच्या शिवारात १२ संत्रा बागाइतदारांमध्ये एक ६३ केव्हीएची डीपी (खांबांवरचे रोहित्र) आहे. गेल्या उन्हाळ्यात ती दोनदा जळाली. प्रत्येकाची मंजुरी ५ एचपीची आहे. ऐन आंबिया बहाराच्या पाण्याच्या वेळी आठ-आठ दिवस पाणी बंद राहिले. डीपी लहान आहे का?
— काटोल तालुक्यातील शेतकरी

उत्तर : फळ झाडावर धरलेले असताना आठ दिवस पाणी तुटणे म्हणजे काय, हे विदर्भातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. म्हणून थोडे कडू वाटेल तेही स्पष्ट लिहितो. मंजुरीप्रमाणे १२ पंपांचे ६० एचपी होतात, म्हणजे ६३ केव्हीएची डीपी कागदावर भरत आली आहे, पण ओलांडलेली नाही. प्रत्यक्ष विहिरींवर आणि बोअरवर किती एचपीच्या मोटरी आहेत, ते आपण बाराही जणांनी एकत्र बसून खरे-खरे लिहून काढावे. पाणी खोल गेले की ५ च्या जागी साडेसात एचपी बसवली जाते आणि मंजुरी मात्र ५ चीच राहते, हे मी अनेक शिवारांत पाहिले आहे. समजा बारांपैकी सात मोटरी साडेसातच्या निघाल्या, तर एकूण भार साडेसत्याहत्तर एचपी होतो. भार सव्वापट झाला की वेटोळ्यांतील उष्णता दीडपट होते, कारण ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पाणबुडी पंपांची कार्यक्षमता साध्या मोटरीहून कमी असते, त्यामुळे खरा आकडा याहूनही वरच जातो.

दुसरे कारण ऑटो स्टार्टर हे आहे. वीज आली की बाराही मोटरी एकाच क्षणी उठू पाहतात, व्होल्टेज इतके खाली जाते की एकही मोटर नीट वेग घेत नाही, आणि त्या सगळ्या सुरुवातीचा मोठा प्रवाह ओढत अडकून राहतात. ऑटोमध्ये वेळ लावण्याची सोय असलेला स्टार्टर घेऊन पहिल्याने एक मिनिट, दुसऱ्याने दोन मिनिटे असे क्रम ठरवून घ्यावेत. त्याला फारसा खर्च नाही, फक्त बारा जणांचे एकमत लागते.

तिसरा उपाय कपॅसिटरचा. ५ एचपीच्या मोटरीला साधारण २ आणि साडेसातला ३ केव्हीएआर (कपॅसिटरच्या क्षमतेचे माप) एवढा कपॅसिटर प्रत्येकाने आपापल्या स्टार्टरपाशी लावला आणि पॉवर फॅक्टर ०.८ वरून ०.९५ वर आला, तर साडेसत्याहत्तरचे ६५ केव्हीए होतात. म्हणजे आहे तीच डीपी जवळजवळ पुरते. तरीही वाढीव मोटरींची खरी नोंद करून १०० केव्हीएची मागणी अर्जाने करावी, कारण नोंद ६० एचपीची असेल तोवर मोठी डीपी मंजूर होण्याला आधारच राहत नाही.

एक विनंती हात जोडून करतो. फ्यूज उडाला की जाड तार गुंडाळून डीपी चालू करणे कृपया थांबवा. ६३ केव्हीएच्या डीपीचा पूर्ण भाराचा प्रवाह फेजमागे ८४ अँपिअर आहे. जाड तार त्याच्या कितीतरी पट प्रवाह निमूट जाऊ देते आणि मग फ्यूजच्या जागी वेटोळे जळते. शिवाय ती तार गुंडाळायला डीपीवर चढणारा आपल्यातलाच कोणीतरी असतो.

प्रश्न : बेसा भागातील आमच्या सोसायटीत ४८ सदनिका असून २०० केव्हीएचे रोहित्र आहे. मागच्या मे महिन्यात रात्री ११ च्या सुमारास ब्रेकर वारंवार पडत होता. इलेक्ट्रिशियनने त्या वेळी मोजलेला प्रवाह आर फेजवर ३०२, वाय फेजवर १८१ आणि बी फेजवर १८८ अँपिअर होता. काही सभासद ३१५ केव्हीएसाठी वर्गणी काढा म्हणतात. पुढे विजेवरच्या गाड्याही वाढतील.
— सोसायटीचे सचिव

उत्तर : आपल्या इलेक्ट्रिशियनचे मोजमाप मोलाचे आहे, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. २०० केव्हीएचे रोहित्र प्रत्येक फेजवर सुमारे २६७ अँपिअर देऊ शकते. आपल्या तिन्ही फेजची सरासरी २२४ अँपिअर, म्हणजे एकूण भार १६० ते १६८ केव्हीए एवढाच येतो. रोहित्र लहान नाही. आर फेजवर घरे जास्त पडली आहेत. त्या एका फेजच्या वेटोळ्यात उष्णता सव्वापटीहून अधिक होत असताना बाकीच्या दोन फेजवर ८० अँपिअरची जागा रिकामी आहे. वर्गणी काढण्यापूर्वी कोणते घर कोणत्या फेजवर आहे याची यादी करावी, जास्त एसी असलेली काही घरे परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून वाय आणि बी फेजवर हलवून घ्यावीत, आणि मे महिन्यातील रात्री पुन्हा मोजावे. दुपारचे मोजमाप येथे उपयोगाचे नाही.

नागपुरात घरे कूलरवरून एसीवर जात आहेत आणि हा बदल लहान नाही. कूलर साधारण २०० वॉट घेतो, दीड टनाचा एसी त्याच्या सात-आठपट. शिवाय मे महिन्यात रात्रीही पारा फारसा उतरत नाही, त्यामुळे सगळ्यांचे एसी एकाच वेळी चालतात आणि रोहित्राला निवायला वेळच मिळत नाही. मानकात दिवसाचे कमाल तापमान ५० अंश आणि चोवीस तासांची सरासरी ४० अंश धरलेली आहे, तेव्हा मोकळ्या हवेत ठेवलेल्या रोहित्राला नागपूरचा ४५-४६ अंशांचा उन्हाळा झेपतो. तेच रोहित्र वर पत्रा आणि तिन्ही बाजूंना भिंत अशा कोपऱ्यात असले, तर भोवतालची हवाच दहा अंश जास्त तापलेली असते. वेटोळ्यांवरील कागदाच्या वेष्टनाबाबत नियम असा आहे की, त्याच्या ठरलेल्या कमाल तापमानापेक्षा दर ६ अंश वाढीला त्याचे आयुष्य निम्मे होते. आपल्याकडे आडोसा असेल तर तो आधी काढावा.

गाड्यांचा हिशेब असा : घरगुती चार्जर साधारण ३.३ किलोवॉटचा असतो. दहा गाड्या रात्री ११ वाजता एकदम लावल्या, तर ३५ केव्हीएची भर पडून रोहित्र काठोकाठ भरेल. त्याच गाड्या मध्यरात्रीनंतर पाळीपाळीने लावल्या तर जाणवणारही नाहीत. पाच-सहा गाड्यांपर्यंत आहे तेच रोहित्र चालवावे आणि संख्या पंधराकडे जाऊ लागली की ३१५ चा विचार करावा.

प्रश्न : मुलीने अमेरिकेहून १२०० वॉटचा, १२० व्होल्टचा ब्लेंडर पाठवला आहे. इतवारीतील दुकानदार १५०० व्हीएचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर देतो आहे. चालेल का?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : चालेल, पण मी २००० व्हीएचा घेईन. ब्लेंडरची मोटर सुरू होताना आणि पाते घट्ट पदार्थात अडकताना प्रवाह बराच वाढतो, आणि लहान ट्रान्सफॉर्मरांवर छापलेली क्षमता बहुधा थोड्या वेळापुरतीच खरी असते. तो १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावावा. दुकानदाराला दोन स्वतंत्र वेटोळ्यांचा ट्रान्सफॉर्मर मागावा. एकाच वेटोळ्याचा ऑटोट्रान्सफॉर्मर स्वस्त पडतो, परंतु त्यात घरातील २३० व्होल्टची लाइन आणि यंत्र यांच्यात विलगता राहत नाही, आणि ओल्या हातांनी हाताळायच्या वस्तूला ती असावी. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, वारंवारता मात्र अमेरिकेतल्यासारखी ६० हर्ट्झ न होता आपल्याकडची ५० च राहते. ब्लेंडरच्या ब्रशवाल्या मोटरीला किंवा टोस्टर, इस्त्रीसारख्या तापणाऱ्या वस्तूंना याने फरक पडत नाही. पंखा किंवा जुना फ्रिज मात्र सुमारे एक षष्ठांश मंद फिरेल आणि अधिक तापेल, म्हणून तशा वस्तू तिकडून मागवू नयेत.